तिच्या हातचा थेंब

माझ्या धाकट्या जावेचा मला जितका हेवा वाटला तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचा वाटला नाही, हे आधीच सांगून टाकते. तिनं माझं काही वाईट केलेलं नाही. वयानं बरीच लहान, मला कधी उलट उत्तर दिलं नाही, माझ्या मुलीला बारावीचं गणित शिकवलं, आणि लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना 'आमच्या ताई' असंच म्हणाली. मला तेच जास्त डाचायचं. भांडायला निमित्तच मिळायचं नाही.

मी चाकणला एका औषधांच्या कंपनीत आहे, गोळ्यांच्या कोटिंगच्या विभागात. तयार झालेल्या गोळीवर जे पातळ, गुळगुळीत कवच असतं ते आम्ही चढवतो. ते ज्या पांढऱ्या पावडरीपासून होतं तिचं पूर्ण नाव हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज. वेष्टनावर हायप्रोमेलोज छापतात, कंपनीत आम्ही एचपीएमसी म्हणतो. लाकडात आणि कापसात जे सेल्युलोज असतं त्याच्यावर प्रक्रिया करून ती बनवतात. तिला वास नाही, चव नाही, आणि दुखण्यावरचा गुण म्हणाल तर काहीच नाही. ती फक्त धरून ठेवते. गोळीचा कडूपणा आत धरून ठेवते, काही गोळ्यांच्या पोटात फुगून बसते आणि औषध हळूहळू सोडते. औषध वेगळं, ही वेगळी.

हिचा स्वभाव उलटा आहे. साखर-मीठ गरम पाण्यात चटकन विरघळतं, ही थंड पाण्यात विरघळते. पण कुणी ती सरळ थंड पाण्यात ओतली की गोळे होतात, बाहेरून चिकट आणि आतून कोरडे, पिठल्यातल्या गुठळ्यांसारखे. मग कितीही ढवळा, ते फुटत नाहीत. म्हणून आधी थोडं पाणी चांगलं कडकडीत करायचं, ढवळणारं पातं चालू ठेवायचं आणि त्यात ती भुरभुरायची. सगळं दुधासारखं पांढरं होतं. मग वरून थंड पाणी घालायचं. जसजसं गार होतं तसतसं ते दूध निवळत जातं आणि शेवटी स्वच्छ, दाटसर पाणी उरतं. नवीन माणसं पांढरं पाणी बघून घाबरतात. मी सांगते, काही करू नका, गार होऊ द्या.

आमच्या खोलीत दागिना चालत नाही. बांगडी नाही, मंगळसूत्र नाही, टिकली नाही, काजळ नाही. गोळ्यांत काचेचा तुकडा जायला नको, एवढं साधं कारण आहे. पण मी नोकरीला लागले तेव्हा हे घरी कसं सांगायचं याचीच मला काळजी होती. घर म्हणजे दिघीतलं, लष्कराच्या हद्दीच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीतलं, आणि घरात सासूबाई. आमच्याकडे, म्हणजे करमाळ्याकडे, सासूला आत्या म्हणतात. सासरे भोसरीत एका कारखान्यात होते. ते गेल्यावर आत्यांनी दोन्ही मुलगे त्याच घरात वाढवले.

खरं तर नोकरीला मला त्यांनीच लावलं. बीएस्सी होऊन मी घरात भाकऱ्या थापत होते आणि त्यात मला काही वावगंही वाटत नव्हतं. गल्लीतली एक बाई चाकणला जाते हे कळल्यावर आत्या एक दिवस म्हणाल्या, "तू एवढी शिकलीस ती काय कणीक मोजायला? जा की तिच्यासंगं." मुलगी तेव्हा कडेवरची होती. ती त्यांनी माझ्याकडून काढून घेतली, आणि तिला कडेवर घेऊनच मला कंपनीच्या बसपर्यंत सोडायला आल्या.

बांगड्यांचं शेवटी सांगितलं. मला वाटलं, संपलं. तर त्यांनी सुपारीची जुनी स्टीलची डबी घासून देवाऱ्याजवळ ठेवली. सकाळी जाताना मी बांगड्या आणि मंगळसूत्र त्या डबीत काढून ठेवायचे. संध्याकाळी दारात चप्पल काढली की आत्या डबी घेऊन यायच्या, माझा हात हातात घ्यायच्या आणि दोन्ही मनगटांत दोन दोन हिरव्या बांगड्या चढवायच्या. मग चहा. मोकळ्या हातानं चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. विधवा बाईच्या हातून मी बांगड्या भरून घेते हे गावाकडच्या बायकांनी बघितलं असतं तर तोंडाला पदर लावला असता. आम्हां दोघींना त्याचं काही वाटलं नाही. चहा पिताना त्या विचारायच्या, "आज कुठल्या रंगाच्या केल्या गं गोळ्या?" नवऱ्यानं मला हे एकदाही विचारलेलं नाही. पिवळ्या केल्या म्हटलं की त्या म्हणायच्या, "पिवळ्या बऱ्या असत्यात." कशावर बऱ्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

माझ्या दिवसातला तो सगळ्यात चांगला भाग होता. पगारवाढ झाली, माझ्या हाताखाली माणसं आली, तरी मोशीजवळ बस अडकली की माझा जीव वरखाली व्हायचा तो त्या चहासाठी.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि ही आली. माणच्या बाजूला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, पण बहुतेक दिवस घरूनच काम. मधल्या खोलीत पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप. मनगटात घड्याळ, बांगडी कधीच नाही. मी वाट बघितली आत्या काही बोलतील म्हणून. सणाला नाही, संक्रांतीला नाही, एक शब्द नाही. वर्षानुवर्षं माझे हात दारातच भरले आणि हिचे मोकळे हात त्यांना दिसतच नव्हते. शिवाय ती त्यांना आई म्हणायची. आत्या नाही, आई, आणि वर 'अगं आई, तू जेवलीस का?' मी लग्नाला वीस वर्षं होत आली तरी 'अहो आत्या, तुम्ही' यातच अडकलेली. पहिल्यांदा ते 'अगं' ऐकलं तेव्हा मी भाजी ढवळत होते. भाजी लागली.

त्याच सुमाराला आत्यांचे डोळे बिघडले. डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं टोचतंय म्हणायच्या, संध्याकाळपर्यंत लाल व्हायचे. भोसरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याचं पाणी कमी झालंय. आत्या म्हणाल्या, "रडून संपलं असंल." डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, यावर औषध असं काही नाही. ओलावा तेवढा द्यायचा, दिवसातून चार वेळा, रोज." आणि थेंबांची बाटली लिहून दिली.

दुकानातून बाटली घेतली आणि सवयीनं मी आधी बारीक अक्षरं वाचली. हायप्रोमेलोज. मला भररस्त्यात हसू आलं. घरी येऊन सांगितलं, "आत्या, यात आमच्याचकडची पावडर आहे. मी रोज जी भिजवते ना, तीच." त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट बघितली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सांगायला लागल्या की थोरलीच्या कंपनीतलं औषध हाय. आमची कंपनी डोळ्यांचे थेंब बनवत नाही आणि ते औषधही नाही. पण मी काही कुणाची चूक काढायला गेले नाही.

मी थेंब कसे घालायचे तसे घालायचे. हात साबणानं धुवायचे. आत्यांना खुर्चीत बसवायचं, मान मागं, नजर वर. खालची पापणी अलगद खाली ओढायची, बाटलीचं टोक कुठं टेकू द्यायचं नाही, एकच थेंब. मग डोळा मिटायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे थेंब घशात उतरत नाही. पुसायचं नाही, चोळायचं नाही. "हलू नका हं," मी म्हणायचे. आत्या आधार कार्डाचा फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ बसायच्या. माझा थेंब कधी चुकला नाही.

सकाळचा आणि रात्रीचा थेंब माझा. मधले दोन मी कंपनीत असल्यामुळे जावेकडे गेले. एकदा माझी सुट्टी होती तेव्हा मी ते बघितलं आणि बघतच राहिले. ही दिवाणावर मांडी घालून बसली होती, एका कानात ऑफिसचं काहीतरी चालू, आणि आत्यांचं डोकं तिच्या मांडीवर. पहिला थेंब नाकावर पडला. दुसरा गालावर. दोघी हसायला लागल्या. "अगं आई, हसू नकोस ना, माझा हात हलतोय," ही म्हणाली आणि ओघळलेलं पाणी ओढणीच्या टोकानं टिपलं. तिसरा थेंब बरोबर डोळ्यात पडला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मला स्पष्ट दिसला. तरी आत्या डोळा मिटून म्हणाल्या, "पडला न्हाई आत. पुन्यांदा घाल."

मी म्हटलं, "पडलाय, आत्या."

"न्हाई गं. तुला काय ठावं, डोळा माजा हाय."

तिनं पुन्हा घातला, पुन्हा ओढणीनं टिपलं. मी म्हटलं, ओढणी लावू नये, कापूस घ्यावा, आणि बाटलीचं टोक पापणीला लागतंय. ती लगेच "सॉरी ताई" म्हणाली. आत्या म्हणाल्या, "असू दे की." महिनाभराची बाटली त्या महिन्यात निम्म्यातच संपली. मी दोन-तीनदा बोलून दाखवलं की एवढे थेंब वाया जातात. कुणी मनावर घेतलं नाही.

हळूहळू माझी बांगड्यांची डबीही बंद पडली. मी यायच्या वेळी आत्या नुकता थेंब घालून डोळे मिटून पडलेल्या असायच्या, डबी टेबलावर ठेवलेली असायची. मी माझ्याच हातानं बांगड्या चढवायचे. चहा झाकलेला असायचा. मधल्या खोलीतून जाव म्हणायची, "ताई, गरम करून देऊ?" नको म्हणायचे आणि गारच प्यायचे. माझ्या पोटात दुखायचं ते असं, अगदी साध्या गोष्टींवरून. सांगायला गेलं तर लोक हसतील.

त्यात दिरांनी रावेतला फ्लॅट घेतला. ताबा मिळणार असं कळलं त्या दिवशी पेढे आले. रात्री जेवताना माझा नवरा सरळ म्हणाला, "आईनं कुठं राहायचं ते आईनंच ठरवावं. दोन्ही घरं तिचीच." दीर म्हणाले, बरोबर. जाव पानाकडे बघत राहिली. आत्या म्हणाल्या, "बघू की. घर तर होऊ दे."

बाकीच्या बायकांना सासू जाऊ नये असं वाटत नसेलही, मला माहीत नाही. मला त्या हव्या होत्या. त्या गेल्या तर या घरात मला कुणी काही विचारणार नाही, हे मला त्या पानावर बसल्या बसल्या कळलं होतं. आणि त्या कुणाकडे जातील याची धास्ती मला दिवाणावरच्या त्या मांडीमुळं होती.

मग मी कंबर कसली. साहेबांना सांगून कायमची पहिली शिफ्ट मागून घेतली. पहाटे अंधारात आत्यांना सकाळचा थेंब घालून निघायचं, पण दुपारी चारच्या आत घरी. चारला जावेची रोजची मीटिंग असते हे मी हेरून ठेवलं होतं. म्हणजे तिसरा थेंब माझा झाला. आता चारातले तीन माझे आणि एक तिचा. मी मनात असा हिशोब करत होते आणि तोंडानं म्हणत होते, "तुझं काम असतं गं, तू कशाला धावपळ करतेस?" ती बिचारी आभार मानायची.

आत्या चारला खुर्चीत येऊन बसायच्या. मान मागं, नजर वर. मी बोलायचा प्रयत्न करायचे. "आज लाल गोळ्या होत्या, आत्या." त्या म्हणायच्या, "व्हय का." मग मी म्हणायचे, "हलू नका." आणि मग बोलणं संपायचं.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. मी घरी पोचले तर जाव दारातच उभी, डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, माझ्याकडून औषध नासलं." थेंब गारढोण लागतो म्हणून आत्या कुरकुरत होत्या. म्हणून हिनं किटलीतलं उकळतं पाणी पेल्यात घेतलं, बाटली त्यात उभी केली, आणि दुपारची एक मीटिंग लांबली तशी विसरून गेली. आता बाटली उजेडात धरली तर आत पांढरंफटक. तळहातावर एक थेंब काढून बघितला तर तोही दुधासारखा. "मी हे न बघता डोळ्यात घातलं असतं तर? आईची दृष्टी गेली असती तर?" असं म्हणून ती रडायलाच लागली.

मला आतून इतका आनंद झाला की तो लपवायला मी आधी तोंड धुवायला गेले. चाकणच्या आमच्या खोलीत जे रोज घडतं ते माझ्या ओट्यावर घडलं होतं, आणि या घरात त्याचा अर्थ फक्त मला माहीत होता. मी आत्यांना हाक मारली, त्यांना खुर्चीत बसवलं. वाटीत माठातलं पाणी घेतलं. "काही नासलेलं नाही," मी म्हटलं. "गरम झालं की ही अशी पांढरी होते. आता बघा." आणि बाटली वाटीत धरली. थोडा वेळ काही झालं नाही. मग कडेकडेनं निवळायला लागलं, आणि बघता बघता आत नितळ पाणी.

"ताई, कसलं भारी," जाव म्हणाली. रडणं विसरून तिनं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. मी आत्यांकडे बघितलं. त्या जावेकडे बघत होत्या. मी ओल्या बोटांनी ती बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली, कारण एकदा उकळत्या पाण्यात गेलेली बाटली डोळ्यात घालायची नाही, नवीन आणायची, हा नियम.

तेव्हा आत्या म्हणाल्या, "टाकायचीच व्हती तर गार कशाला केलीस?"

आत्यांनी हात लांब करून जावेला जवळ ओढलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लई भ्याली पोर," म्हणाल्या. "दुपारपास्नं रडतीया." मी उभीच होते. माझे हात मोकळे होते, डबी टेबलावर तशीच होती, आणि पहाटेपासून उभी राहून आलेल्या माझ्या पाठीवरून हात फिरवावा असं काही मी केलेलं नव्हतं. मी पाकीट घेतलं आणि नवीन बाटली आणायला दुकानात गेले. वाटेत मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

रावेतची वास्तुशांत झाली. सामान हलवायचा दिवस जवळ आला तरी आत्या काही बोलत नव्हत्या आणि विचारायची माझी छाती होत नव्हती. एक दिवस चारचा थेंब घालताना एक डोळा झाला, दुसरा झाला, मी नाकाजवळ बोटं दाबून धरली, आणि आत्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "मी जाते धाकटीकडं."

हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, हे त्यांना मीच शिकवलं होतं. त्यांनी बोलायला तीच वेळ निवडली. मी बोटं काढली नाहीत. नेहमीइतका वेळ धरून ठेवली, मग काढली.

"माझं काही चुकलं का?" मी विचारलं.

"न्हाई. तुजं काय चुकत न्हाई." त्यांनी डोळे अजून उघडले नव्हते. "तुज्या हातानं थेंब बरोबर पडतो गं. तिच्या हातानं बरं वाटतं."

कुणी कारण सांगितलं नसतं तर मी निदान दोन-चार कारणं रचून घेतली असती. नवीन फ्लॅट, लिफ्ट, जाव दिवसभर घरी. ही सगळी खरीही होती. पण आत्यांनी खोटं बोलून माझी सोय केली नाही. सामान गेलं त्या दिवशी मी ओव्हरटाइम घेतला.

मग दिघीच्या घरात मी, नवरा आणि अभ्यासात बुडालेली मुलगी. मी पहिली शिफ्ट तशीच चालू ठेवली होती, बदलून मागायची तरी कशासाठी? चारला घरी यायचं, डबीतून बांगड्या घालायच्या, चहा ठेवायचा. काही दिवसांनी बांगड्या घालणं राहून जायला लागलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. फोनवर आत्यांशी बोलणं व्हायचं, मागून जावेचं हसणं ऐकू यायचं, आणि ते हसणं ऐकायला मिळावं म्हणूनच जणू मी फोन करायचे. दुखऱ्या दातावरून सारखी जीभ फिरते, तसं.

कोटिंगच्या खोलीतली हवा कोरडी ठेवलेली असते, गोळ्यांसाठी. आमच्यासाठी नाही. दिवसभर त्या हवेत, फिरत्या गोळ्यांवर दिव्याच्या उजेडात नजर लावून उभं राहायचं. माझे डोळे टोचायला लागले तेव्हा आधी मी मुद्दामच दुर्लक्ष केलं. शेवटी त्याच भोसरीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तेच सांगितलं, औषध असं काही नाही, ओलावा द्यायचा. बाटलीही तीच.

आणि मला स्वतःला थेंब घालता येईना. दुसऱ्याच्या डोळ्यात न चुकणारा माझा हात माझ्या डोळ्याजवळ आला की पापणी मिटायची. आरशात बघून घातला, हनुवटीवर पडला. आडवी पडून घातला, कानात गेला. नवऱ्याला सांगितलं. त्यानं कपाळावर टाकला आणि विचारलं, "झालं?" मुलीनं बरोबर घातला, अगदी मी शिकवल्यासारखा. "हलू नकोस, आई," म्हणाली. माझा आवाज कसा ऐकू येत असेल ते मला तेव्हा कळलं.

एका शनिवारी शिफ्ट संपवून मी परस्पर रावेतला गेले. आत्यांना बघून बरेच दिवस झाले होते. फ्लॅट उंचावर, खिडकीतून एक्स्प्रेस वेच्या बाजूचा उजेड, आत्या बाल्कनीजवळच्या खुर्चीत मेथी निवडत बसलेल्या. त्यांचे डोळे स्वच्छ होते, लाली नाही. मला ते बघून आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण आधी कुठंतरी चरकलं. चुकीच्या पद्धतीनं घातलेल्या थेंबांनी डोळे इतके चांगले राहिले होते. जाव पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे बघून थांबली. "ताई, तुमचे डोळे केवढे लाल झालेत."

मी पर्समधली बाटली काढून दाखवली. तिला सगळं सांगायची गरज पडली नाही. ती दिवाणावर मांडी घालून बसली आणि मांडीवर हात थोपटला. "या, इथं झोपा."

"मी खुर्चीत बसते."

"खुर्चीत मला जमत नाही, ताई. या ना."

मी गेले. आत्यांसमोर तिच्या मांडीवर डोकं ठेवताना मला इतका संकोच वाटला की मी आढ्याकडे बघत राहिले. तिनं माझ्या कपाळावरचे केस मागं सारले. हात ऊबदार होता, भांडी घासून आल्यासारखा ओलसर. "हात धुतलेत हां, ताई," म्हणाली. मग तिनं ऑफिसमधल्या कुणाची तरी गंमत सांगायला सुरुवात केली, व्हिडिओवर मुलाखतीला बसलेल्या माणसाच्या मागून त्याची बायको लाटणं घेऊन गेली, असलं काहीतरी. मी हसले. माझी पापणी मिटायची विसरली आणि थेंब आत पडला. गार, बरोबर मधोमध. थोडं पाणी कडेनं ओघळलं. ते कानाकडे पोचायच्या आत ओढणीचं मऊ टोक आलं आणि अलगद टिपून गेलं.

माझ्या तोंडावरून इतक्या हलक्या हातानं कुणी काही पुसलं त्याला किती काळ लोटला होता, ते मला आठवेना. आई बहुतेक पुसत असेल, शाळेत जाताना. मी डोळा मिटून पडून राहिले. मला वाटलं, कुणी मला विचारलं असतं की दिघीला राहतेस की हिच्याबरोबर जातेस, तर मीही बाडबिस्तरा उचलून हिच्याच मागून आले असते. हेवा गेला नाही. तो आधीपेक्षा जास्त झाला, फक्त आता त्यात आत्याही आल्या, रोज चार वेळा हे मिळणाऱ्या.

"ताई, आता दुसरा डोळा," ती म्हणाली.

थेंब आत पडला होता. मला कुणी शिकवायची गरज नाही, मला तो पडलेला कळला होता. समोर मेथीच्या काड्या मोडायचा आवाज चालू होता.

"नाही पडला आत," मी म्हटलं. "पुन्हा घाल."

काड्या मोडायचा आवाज थांबला.

"घाल गं तिला," आत्या म्हणाल्या. "तुला काय ठावं, डोळा तिचा हाय."